जीभ शुद्धीवर आली

डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणीचा कागद उलटा करून पाहिला. पाठीमागे तरी काही बरी बातमी असावी, अशी त्यांची अपेक्षा दिसली. पाठ कोरी होती.

"दूध, लोणी, चीज, अंडी, मांस, सगळं बंद," त्या म्हणाल्या. "पूर्ण व्हीगन व्हायचं. जनावराकडून आलेलं काहीही पोटात जाता कामा नये. तुमच्या अंगात जे वाहतंय त्याला आम्ही रक्त म्हणत नाही."

"मग काय म्हणता?"

"लोणी."

लोणी आपल्या रक्तातच आहे, असं चाखेराव स्वतःच आजवर छाती फुगवून सांगत आले होते. आता त्याच छातीचा प्रश्न होता.

ते डेअरीत लोणी चाखायचं काम करत. रोज तयार होणाऱ्या प्रत्येक लॉटचा तुकडा त्यांच्या जिभेवर यायचा, ते डोळे मिटायचे, तुकडा टाळूवर घोळवायचे आणि म्हणायचे, "पास." मगच ट्रक हलायचा. चाखता चाखता त्यांचं नाव चाखेराव पडलं होतं आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. ती खुर्ची गेली तर दुसरी कुठली कामं येतात, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता, कारण दुसरं कुठलंच येत नव्हतं.

"पण डॉक्टर, माझी नोकरीच लोणी चाखायची आहे हो!"

"चाखून गिळता?"

"नियमानं थुंकायचं असतं."

"आणि नियमाशिवाय?"

चाखेरावांनी छताकडे पाहिलं.

"मग आता नियमानं वागा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर खुर्ची राहील, बसणारा राहणार नाही."

बायको मात्र खंबीर निघाली. "दोघंही सोडू या. एकट्या माणसाला पथ्य जड जातं," असं म्हणून तिनं त्याच संध्याकाळी फ्रिज रिकामा केला. दुसऱ्या दिवशी न्याहारीला पावावर जाड थर असायच्या जागी दाण्यांचं काहीतरी आलं आणि कॉफीत सोयाबीनचं दूध. चाखेरावांनी एक घोट घेतला आणि सवयीनं म्हणाले, "नापास."

"तुम्हाला कुणी विचारलं नाहीये. प्या."

पहिले काही दिवस ते घरभर चिडलेल्या मांजरासारखे फिरले. मग हळूहळू एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. गाजराला चव असते, ही बातमी त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळली. उकडलेल्या बटाट्यात मातीचा एक मंद वास असतो, कोबीच्या बाहेरच्या पानात आणि आतल्या पानात सख्ख्या भावांइतकाच फरक असतो, हेही कळलं. वर्षानुवर्षं तोंडावर ओढलेली एक जाड गोधडी कुणीतरी अलगद काढून घेतली होती. जीभ शुद्धीवर येत होती.

आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला.

एका सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे लोण्याचा तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटण्याऐवजी एकदम उघडले.

"गोठा," ते म्हणाले.

"काय?" शेजारी उभ्या असलेल्या फिटरनं विचारलं. डेअरीतल्या पाइपांची, पंपांची आणि तोट्यांची डागडुजी हा गृहस्थ करत असे.

"गोठ्याचा वास येतोय. हा लॉट थांबवा."

फिटरनं कुरकुरत पाइप उघडला. आत रबराची एक चकती कुजून काळी पडली होती. मॅनेजर साहेबांनी चाखेरावांची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी चाखेराव म्हणाले, "तांबं." फिटरनं पुन्हा उघडझाप केली, तर एका जोडावर हिरवं चढलेलं. साहेबांनी पुन्हा पाठ थोपटली. पण जरा हळू. तिसऱ्या दिवशी "करपट", चौथ्या दिवशी "शिळा कोंडा", आणि त्यानंतर एक दिवस चाखेराव बराच वेळ विचार करून म्हणाले, "यातल्या एका गाईचं मन कामात नव्हतं."

"चाखेराव," फिटर हात जोडून म्हणाला, "आता उघडायला माझ्या पोटाशिवाय काही शिल्लक नाही. तेवढं मात्र मागू नका."

शीतगृह छतापर्यंत भरलं. फाटकाशी ट्रक रांगेनं उभे राहिले आणि ड्रायव्हर लोक त्यांच्या सावलीत पत्ते कुटू लागले. दुकानदारांचे फोन वाजून वाजून टेलिफोनवाल्या मुलीचा घसा बसला. मॅनेजर साहेब स्वतः चाखण्याच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"चाखेराव, आपल्या लोण्याबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार आली होती कधी?"

"एकही नाही."

"मग हा गोठा, हे तांबं, ही मन नसलेली गाय, हे सगळं आत्ताच कुठून उपटलं?"

"ते मला कसं ठाऊक? मी जिभेवर येतं ते बोलतो."

"बरं. मग हे बघा कसं वाटतंय."

साहेबांनी कागद काढून टाकलेली लोण्याची एक लादी पुढे केली. चाखेरावांनी तुकडा घेतला, घोळवला, थुंकला, कोमट पाण्यानं चूळ भरली आणि मग जे बोलायला लागले ते थांबेचनात. यात गोठा आहे, तांबं आहे, शिवाय धुताना पाणी कमी पडलंय. हे ज्यानं पास केलं त्याच्या तोंडात जीभ नसून चामड्याचा पट्टा असावा.

साहेबांनी शांतपणे खिशातून लादीचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. मागच्या वर्षीचं लोणी होतं. त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. खाली सही चाखेरावांची.

त्या संध्याकाळी ते चालतच घरी आले. रस्त्यात त्यांना सगळं उमगत गेलं. लोणी बिघडलेलंच नव्हतं. ते पहिल्यापासून तसंच होतं. सकाळी जाड थर लावून ते जिभेला खूश करायचे आणि दुपारी त्याच जिभेला निकाल विचारायचे. पंचही तिथंच, लाचही तिथंच. आणि गंमत अशी, की त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. जे रोज मिळतं ते चांगलं, असं माणूस आधी ठरवतो आणि नंतर मनापासून चाखतो. नोकरीतही तेच, संसारातही तेच. आता एवढं सगळं कळल्यावर हातात काय उरलं, तर कोबीची पानं.

सुट्टीच्या दिवशी मॅनेजर साहेब घरी आले. सोबत एक डबा होता आणि डब्यात पारखायला आणलेले लोण्याचे तीन वेगवेगळे तुकडे आणि एक चमचा.

"वहिनी, तुम्हीच यांना समजवा," ते बसता बसता म्हणाले. "रोज सकाळी दोन चमचे लोणी, एवढीच विनंती आहे. महिनाभरात जीभ पूर्वपदावर येईल."

"आणि हृदय?" चाखेरावांनी विचारलं.

"हृदय आपल्या खात्यात येत नाही." साहेबांनी सुस्कारा सोडला. "अहो, मला चोखंदळ जीभ नकोय. गावाला जे आवडतं ते जिला आवडेल, अशी जीभ हवीय. तुमची तशी होती. नाही जमत, तर उद्यापासून मला दुसरा माणूस बघावा लागेल. आहे का इथं दुसरा कुणी, ज्यानं जन्मभर आपलंच लोणी खाल्लंय आणि त्याला अजून ते आवडतंय?"

चाखेरावांनी चमचा उचलला. एका बाजूला छाती, दुसऱ्या बाजूला खुर्ची. मध्ये त्यांचं तोंड. त्यांनी ते उघडलं.

"ठेवा तो चमचा!" बायको म्हणाली.

तिनं तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला, पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "हे आपलं." दुसरा. "हे आपलं नाही. दिसायला गोरं, चवीला नुसतं मीठ." तिसरा तिनं जरा जास्त वेळ घोळवला. "हे आपलंच आहे. पण पार गेल्या वर्षीचं. छान होतं हे."

साहेब खुर्चीवरून अर्धे उठले. "वहिनी! तिन्ही बरोबर!"

चाखेराव मात्र वेगळ्याच हिशेबात अडकले होते. "तुला कसं कळलं? तू तर माझ्याबरोबरच सोडलंस ना?"

"तुमच्यासमोर सोडलं," ती म्हणाली. "तुमच्यामागे स्वयंपाकघराचं दार लावून खात होते. अहो, अहवाल तुमचा वाईट आला होता, माझा नाही! सोबत द्यायची म्हणजे किती द्यायची?"

"पण फ्रिज तर रिकामा केलास!"

"शेजारणीकडे ठेवलं. ती बिचारी रोज एक वाटी आणून देते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर नीट लपवावं."

"आणि हे गिळलंस आता!"

"मग? थुंकायला काय झालंय, चांगलं लोणी आहे!"

साहेबांनी वेळ दवडला नाही. दुसऱ्या दिवसापासून बायकोच चाखेरावांचा पांढरा कोट चढवून डेअरीत जाऊ लागली. बाह्या थोड्या दुमडाव्या लागल्या, एवढंच. पहिल्याच दिवशी शीतगृह निम्मं मोकळं झालं, फाटकावरची पत्त्यांची बैठक मोडली आणि फिटर आठवड्यात पहिल्यांदा जेवायला बसला.

चाखेराव घरी राहिले. दुपारी तपासणीचा नवा अहवाल घेऊन आले. त्यात त्यांचं हृदय उत्तम असल्याचं लिहिलं होतं. तो त्यांनी कपाटावर ठेवला आणि स्वयंपाकाला लागले. बटाटे उकडले, कोबीची आतली पानं वेगळी काढली, तेलात लसूण परतला, मीठ दोनदा चाखलं, तिसऱ्यांदा हात आखडला. सात वाजता बायको दमून आली, हात धुऊन बसली. त्यांनी ताट पुढे ठेवलं आणि हातातला डाव तसाच धरून उभे राहिले.

तिनं पहिला घास जिभेवर ठेवला. डोळे मिटले. घास या गालातून त्या गालात सावकाश घोळवला.

"कसं झालंय?" चाखेरावांनी विचारलं. त्यांचं उत्तम हृदय धडधडत होतं.