ऐकून घेणारे कोणी नसल्याचा दाखला

"कोपऱ्याला कोपरा लाव, मध्ये घडी घाल, आणि कोणाला सांगू नको."

आईचा हा आवाज नंबरताईंच्या कानात पस्तीस वर्षं जसाच्या तसा होता. तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, पोटात दुखत होतं, जिवाला घोर लागला होता, आणि वाळलेल्या चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात होती, दोन आईच्या. घडी घालत घालत आई जवळ आली, दोघींमधली चादर लहान लहान होत गेली, आणि विचारायचं होतं ते सगळं त्या घडीत गेलं. चादर फळीवर गेली. पुढे आयुष्यात जे जे आलं, त्याचीही ताईंनी अशीच नीट घडी घातली. सत्तेचाळिसाव्या वर्षी फळीवर जागा उरली नाही.

त्यांना नंबरताई म्हणत, कारण चष्म्याच्या दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांचे नंबर त्या काढत. "पहिली काच बरी की दुसरी?" असं त्या दिवसाकाठी शंभरदा विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबत. उत्तर येईपर्यंत थांबणारं माणूस विरळाच, म्हणून लोक डोळ्यांबरोबर बाकीचंही सांगून टाकत. सुनेचं, साहेबाचं, गुडघ्याचं. ताई ऐकत आणि नंबर लिहीत.

पण गेले काही महिने त्यांना पंख्याखाली घाम फुटे, झोप म्हणून लागत नसे, आणि गिऱ्हाइकाने "दुसरी बरी" म्हटलं की पहिल्या काचेसाठी डोळे भरून येत. भरल्या डोळ्यांनी लिहिलेल्या कागदावर मायनसच्या जागी प्लस पडू लागला. एक सद्गृहस्थ नवा चष्मा लावून सरळ शेजाऱ्यांच्या घरात शिरले आणि जेवून उठेपर्यंत दोन्हीकडच्या कोणालाही चूक कळली नाही. त्यांची तक्रार नव्हती. त्यांच्या बायकोची होती.

दुकानाचे मालक भला माणूस. ते म्हणाले, "ताई, महिनाअखेरपर्यंत मन थाऱ्यावर आणा. नाहीतर आतली खोली सोडून बाहेर फ्रेमा पुसायला बसावं लागेल."

ती आतली खोली जाणं ताईंना परवडणारं नव्हतं. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, "या वयात व्हायचंच" असं निदान केलं आणि म्हणाले, "कोणाशी तरी मोकळेपणी बोला. माझ्याशी नको, बाहेर रांग आहे."

ताईंना बोलायचं होतं ते फार नव्हतं. एकच गोष्ट, दोन वर्षं घडी घालून ठेवलेली. मोठ्याने म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते अर्धं मिनिट मिळवण्याची विहित कार्यपद्धती पुढीलप्रमाणे होती.

प्रथम मदतवाणी. फोन लावताच बासरी वाजली. मग एक मधाळ आवाज म्हणाला, "आपलं दुःख आमच्यासाठी मोलाचं आहे. दुःख कौटुंबिक असल्यास एक दाबा. शारीरिक असल्यास दोन दाबा. नेमकं कोणतं हे कळत नसल्यास कळेपर्यंत थांबा." ताई थांबल्या. बासरी संपली, पुन्हा सुरू झाली. "रडू येत असल्यास स्टार दाबा." ताईंनी दाबला. "धन्यवाद. रडणं थांबल्यावर पुन्हा फोन करा."

तेव्हा ताई समक्ष गेल्या. महिला समुपदेशन केंद्र चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मन मोकळं करा', आणि त्याखाली लहान अक्षरांत, 'कृपया शांतता राखावी'. टेबलामागे नोंदणीबाई बसल्या होत्या. चष्मा नाकावर उतरलेला, उजवी दांडी दोऱ्याने बांधलेली. ताईंच्या नजरेने ते आधी टिपलं.

"समुपदेशक बाईंना भेटायचं होतं."

"सगळ्यांनाच भेटायचं असतं. तक्रारीचं स्वरूप?" नोंदणीबाईंनी छापील अर्ज पुढे ओढला. "मारहाण होते?"

"नाही."

"कधीतरी?"

"नाही हो."

"नवरा पितो? घराबाहेर काढलं? दुसरी कोणी?"

"नाही. माणूस चांगला आहे."

नोंदणीबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमचं जरा अवघड आहे, ताई. तुम्ही 'इतर'मध्ये जाता. इतर म्हणजे वरीलपैकी काहीही नसावं, पण वरीलइतकंच गंभीर असावं. त्याला दाखला लागतो."

"कसला?"

"ऐकून घेणारे कोणी नसल्याचा. समुपदेशक एकच आहेत. ज्यांना घरी ऐकणारं माणूस आहे त्यांनी इथे येऊन दुसरीची जागा अडवू नये, असा त्यामागचा हेतू. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. दोघंही जवळचे, पाच वर्षं ओळखणारे, त्यातला एक घरातलाच."

ताईंनी मनात हिशेब लावून पाहिला. "पण जवळच्या माणसाला जाऊन म्हणायचं, मला ऐकणारं कोणी नाही, अशी सही द्या?"

"हो."

"आणि त्यांनी 'का' विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, तर?"

"तर दाखला बाद," नोंदणीबाई समाधानाने म्हणाल्या. "म्हणून सांभाळून सह्या घ्या."

ताईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं त्याच्या हाताखाली असत, त्यामुळे घरी आल्यावर तो कशातच वरखाली होत नसे. ताईंनी कागद पुढे केला तेव्हा तो फोनवर मदतनिसाला दोर ताणायला सांगत होता.

"जरा वाचून सही करता का?"

"हं." खांदा आणि कान यांच्यात फोन धरून त्याने सही केली. "अरे, डावीकडचा! डावीकडचा!"

"कशावर केलीत, कळलं का?"

"हं."

सही खरी, मजकूर खरा, आणि तो खरा असल्याचा पुरावा त्या सहीतच. इतका निर्दोष दस्तऐवज ताईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. मग फोन ठेवून तो म्हणाला, "त्या केंद्राची लिफ्ट बंद आहे म्हणालीस मघाशी? शक्य नाही. त्यांनी तक्रारच नोंदवलेली नाही."

दुसरी साक्षीदार थोरली जाऊ. ती वरच्याच मजल्यावर राहायची. तिने कागद वाचला आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! ऐकणारं कोणी नाही? मला नाही सांगायचंस? बस. अगदी पहिल्यापासून सांग."

ताई बसल्या. तोंड उघडलं.

"अगं, मला नाही का असंच व्हायचं! असा घाम, असा घाम..." जाऊबाई पहिल्यापासून सुरू झाल्या. स्वतःच्या. त्यात बाळंतपणं आली, नवऱ्याची बदली आली, मोलकरीण आली आणि गेली. दोन तासांनी त्यांनी डोळे पुसले, सही केली आणि ताईंचा हात घट्ट धरला. "किती हलकं वाटलं गं तुझ्याशी बोलून. येत जा अशी."

सह्या घेऊन ताई पुन्हा चार मजले चढल्या. नोंदणीबाईंनी दाखला उजेडात धरून पाहिला.

"साक्षीदारांना तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"मग ऐकणारं कोणी नाही हे त्यांना कसं कळलं?"

ताईंनी आजूबाजूला पाहिलं. आतली बंद दारं, पलीकडची रिकामी बाकं, सगळं फार स्वच्छ होतं. "समुपदेशक बाई आत आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना. रोज येतात. अकरा महिने झाले, अजून एकही दाखला पात्र ठरलेला नाही. बाई हुशार आहेत, आतापर्यंत तीन स्वेटर झाले." नोंदणीबाईंनी आवाज खाली आणला. "निराश होऊ नका. शंका असेल तिथे गृहभेटीची तरतूद आहे. मी स्वतः येते. संध्याकाळच्या गृहभेटी सगळ्या मीच घेते. ऑफिसात दुसरं कोणी तयार नसतं, मी आपणहून मागून घेतल्यात. साडेसातला चालेल?"

गृहभेटीच्या दिवशी ताई सव्वासातला घरात शिरल्या.

"आज लवकर कशी?" नवरा चकित झाला. "दुकान तर आठपर्यंत असतं तुझं."

ताईंनी चपला काढल्या.

घरी पाहणी होणार, ऐकतात की नाही हे तपासणार, ही बातमी कशी कोण जाणे फुटली होती. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होता. नवऱ्याने फोन बंद करून टीव्हीच्या मागे ठेवला होता आणि टीव्हीही बंद केला होता. टीव्ही बंद झाल्यावर भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली, म्हणून सगळे थोडे दचकलेले होते. जाऊबाई वरून उतरून आल्या होत्या. सासूबाईंच्या कानातल्या यंत्रात नवी बॅटरी घातली होती. तिघं कोचावर एका रांगेत बसली, आणि ताईंसाठी समोर स्वयंपाकघरातलं स्टूल मांडलं होतं.

नोंदणीबाई आल्या, खुर्चीवर बसल्या, फाईल मांडीवर घेतली. "नेहमीसारखं वागा. मी आहे असं समजू नका."

"नेहमी असेच बसतो आम्ही," नवरा म्हणाला. "बोल गं. तुझं दुःख सांग. आम्ही ऐकतोय."

"मोकळेपणी बोल," जाऊबाई म्हणाल्या. "मला तर बाई..."

"वहिनी!" नवऱ्याने डोळे वटारले. जाऊबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"काय म्हणाली ती?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून काही नाही, आई."

"मग एवढी शांतता कशाला? कोण गेलं?"

नोंदणीबाई लिहीत होत्या. श्रोते : तीन. श्रवणस्थिती : उत्तम. मग नियमावलीतलं नववं कलम वाचून त्यांनी स्वतःलाही धरलं आणि तीनचे चार केले. त्याच कलमात असंही आहे, की हे प्रकरण जो कोणी इथवर वाचेल त्यालाही श्रोता मानावं. तेव्हा वाचकहो, ताईंचा अर्ज फेटाळला जाण्यात तुमचाही हात आहे. तुम्ही हसत हसत इथपर्यंत आलात, ते नोंदलं गेलं आहे.

"निकाल इथेच सांगते," नोंदणीबाई म्हणाल्या. "अर्जदार महिलेस ऐकून घेणारे मुबलक आहेत. अर्ज नामंजूर."

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. "बघ! मी म्हणत नव्हतो?" तो उठून टीव्हीमागचा फोन काढायला गेला. जाऊबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या. सासूबाईंनी यंत्र काढून डबीत ठेवलं. परीक्षा संपली होती, वर्ग सुटला होता, आणि स्टुलावर बसलेल्या ताईंच्या हातात चादरीची दोन टोकं राहिली होती. समोरची दोन धरायला कोणी नव्हतं.

महिना संपायला चार दिवस उरले होते. मग बाहेरच्या काउंटरवर बसून फ्रेमा पुसायच्या, आणि आतली खोली दुसऱ्या कोणाची तरी.

"दुकान सातला बंद होतं," ताई म्हणाल्या.

त्या हळूच बोलल्या होत्या, पण टीव्ही अजून बंदच होता.

"काय?" नवरा फोन हातात घेऊन वळला.

"आठला नाही. सातला. दोन वर्षं झाली. सगळे गेले की मी आतून कडी लावते आणि तपासायच्या खुर्चीत बसते. गिऱ्हाइकाच्या. फक्त भिंतीवरच्या अक्षरांचा दिवा चालू ठेवते आणि अक्षरं वाचते. मोठ्यापासून बारीकपर्यंत. शेवटची ओळ नाही दिसली तरी कोणी काही म्हणत नाही." ताईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मला लगेच घरी यावंसं वाटत नाही. तुम्ही वाईट नाही. कोणीच वाईट नाही. तरी नाही वाटत."

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई गाळणी धरून उभ्या राहिल्या. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपलं काही आठवलं नाही.

"काय म्हणाली?" सासूबाईंनी विचारलं. कोणी सांगेना, तेव्हा त्यांनी डबी उघडून यंत्र पुन्हा कानात घातलं.

नवऱ्याच्या हातातला फोन वाजू लागला. त्याने त्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि फोन उशीखाली ठेवला. कुठल्याशा इमारतीत कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. उशीखालून तो बराच वेळ वाजत राहिला. नवरा कोचावर न बसता स्टुलाशेजारी खाली बसला. "रोज?" त्याने विचारलं, आणि विचारून थांबला.

ताईंनी मान डोलावली.

नोंदणीबाई मात्र अजून गेल्या नव्हत्या. निकाल लागला होता, सही झाली होती, फाईलची नाडीही बांधून झाली होती. तरी त्या चष्म्याच्या दांडीचा दोरा सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. घड्याळात पावणेआठ झाले होते.

"बाई, चहा घेणार ना? की उशीर होतोय?" जाऊबाईंनी विचारलं. "तुमचं ऑफिस कितीपर्यंत असतं?"

नोंदणीबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. गाठ बसली नाही.

"साडेपाचला सुटतं," त्या म्हणाल्या.