भावाभावांत एकशे ब्याऐंशी दिवस

दोन तारखांमधलं अंतर काढणं हा माझ्या डाव्या हातचा मळ! १९८८ साली हे मी डोंबिवलीत भेटेल त्याला सांगत होतो. बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत मी तसा प्रोग्रॅमच लिहिलेला. दोन तारखा घाला, मधले दिवस हजर! लीप वर्षातला एकोणतीस फेब्रुवारीसुद्धा त्यातून सुटायचा नाही.

तर शहाडला मुलगी बघायला जाताना मी शिकायचो त्या क्लासमधला कॉम्प्युटर मागून घेतला. टीव्हीला जोडायचा, पिशवीत मावणारा. सोबत आई आणि थोरला भाऊ भगवान.

"अरे आनंद, मुलगी बघायला चाललोय की टीव्ही दुरुस्तीला?" भगवानने विचारलं. मी लक्ष दिलं नाही.

मुलीचे वडील सीतारामकाका मोहन्याच्या कारखान्यात टाइमकीपर होते, कामगारांच्या वेळा लिहिणारे. कडक माणूस! मुलीचं नाव शालू. ती मला पोह्यांच्या आधीच आवडलेली. इथे जमलंच पाहिजे, असं मी मनात ठरवून टाकलं आणि त्यांच्या टीव्हीचा ताबा घेतला.

शालूची जन्मतारीख घातली, आजची घातली. पडद्यावर तिच्या वयाचे दिवस उमटले. काका खूश! "पोरगा कामाचा दिसतोय," असं ते बायकोला, मीराबाईंना म्हणाले.

"आता तुम्हा दोघा भावांत किती अंतर, काढा बघू!" काकांनी मला फर्मावलं.

भगवानची तारीख एक डिसेंबर बासष्ट, माझी एक जून त्रेसष्ट. आम्ही आजवर नुसती सालं बघून वर्षाचं अंतर धरून चाललेलो. मी ऐटीत बटण दाबलं.

१८२.

"एकशे ब्याऐंशी दिवस?" काका म्हणाले. "म्हणजे सहा महिने! सख्खे भाऊ ना तुम्ही?"

मीराबाईंनी चहाचा ट्रे होता तिथेच धरून ठेवला.

"प्रोग्रॅम चुकला असेल," शालू हळूच म्हणाली. बिचारी मला वाचवत होती!

"छे! कॉम्प्युटर कधी चुकत नाही!" मी म्हणालो.

"मग काय मी चुकले?" आई कडाडली. "गाढवा, आईची अब्रू टीव्हीवर दाखवतोस?"

मग तिने खरं काय ते सांगितलं. मी घरी भोकाड पसरायचो, म्हणून तिने आम्हा दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलेलं. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर शाळेच्या वयाचं, असा गुरुजींचा हिशोब. माझा हात लांब, म्हणून पुरला. गुरुजींनी मला एक जून देऊन टाकली, आणि भगवान थोरला म्हणून त्याला सहा महिने मागे सरकवलं. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे पुढे कोणी चौकशीही केली नाही.

"भगवानचं साल तेवढं खरं. हा त्याच्या पाठी तीन वर्षांनी झाला," आई म्हणाली.

"म्हणजे पासष्टचा! आणि आमची शालू चौसष्टची!" टाइमकीपरने तोंडीच गणित केलं. "नवरी मोठी? नाही जमायचं!"

भगवान वायर काढायला उठला.

तेवढ्यात मीराबाई म्हणाल्या, "अहो, पण शालूची तारीख तरी कुठे खरी आहे? तुम्हीच सांगितलेली ना शाळेत?"

काका बायकोकडे वळून म्हणाले, "मग ही झाली कधी?"

"नदीला पूर आलेला, त्या साली."

"कुठला पूर?"

"मोठा!"

सगळे आशेने टीव्हीकडे बघायला लागले. तिथे १८२ तसाच. तारखेच्या जागी मोठा पूर घालायची सोय माझ्या प्रोग्रॅममध्ये नव्हती.

"आता कोण मोठं, कोण धाकटं, ठरवायचं कसं?" काकांनी हात टेकले.

"बाबा," शालू म्हणाली, "त्यांचा हात कानाला पुरतो का बघा की."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मस्करी नव्हती ती! भरल्या घरात, इस्त्रीच्या शर्टात मी उभा राहिलो, उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला.

शालूने जवळ येऊन नीट तपासलं.

"पुरला," ती म्हणाली. "घ्या दाखल करून!"

प्रोग्रॅम बरोबर होता, हे मी अजूनही सांगतो. शालू घरात नसली की.