शिडवाले भगवानकाका

भगवानकाका दुधाची बरणी घेऊन कोपऱ्यावर निघाले, तरी आधी करंगळी ओली करून हवेत धरतात. वारा कुठून येतोय ते कळल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. वारा समोरून असला, तर ते सरळ रस्ता सोडून शाळेमागून नागमोडी जातात. "वाऱ्याच्या तोंडावर जायचं नसतं, सर. तिरपं घ्यायचं. मंग बराबर पोचतो माणूस." पोचतात खरे, पण तोवर चहाचं आधण आटून गेलेलं असतं.

मी शाळामास्तर म्हणून बदली होऊन टेंभुर्णीला आलो तेव्हा गावात ओळखीचं कुणी नव्हतं. काकांच्या शेजारची खोली मिळाली आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नी, चंद्रकलाकाकू, भाकरी-पिठलं घेऊन दारात उभ्या. तेव्हापासून मी या घरचं खातोय. म्हणून काकांची इथं थोडी थट्टा झाली, तरी ती घरच्या पोरानं केलेली समजावी.

काकांची सगळी नोकरी मुंबईत, श्रीमंतांच्या शिडाच्या होड्या दुरुस्त करण्यात गेली. काकू इथं शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळत राहिल्या. निवृत्त झाल्यावर लोक कपाट नाहीतर फ्रीज घेऊन येतात. काका मालकानं टाकून दिलेली एक होडी ट्रकवर घालून घेऊन आले. लोकांना वाटलं पेरणीचं नवं यंत्र आहे. "दिवसाला किती एकर निघतंय?" असं दोघा-तिघांनी गंभीरपणे विचारलंसुद्धा.

होडी गावाबाहेरच्या तलावात उतरली. काकू मात्र तिकडे फिरकल्या नाहीत. "हिच्यापायी माझा माणूस जलमभर तिकडं राह्यला. हिचं तोंड कशाला बघू?" एवढंच म्हणायच्या.

काकांना एकच ध्यास लागला होता. "एकदा हिला होडीत बसवायचंय, सर. एवढी वर्षं मी तिकडं काय करत व्हतो, ते हिनं कधी बघितलंच न्हाई."

दसरा झाला, तलाव तुडुंब भरलेला होता, आणि एका दुपारी काकू आपण होऊन "चला" म्हणाल्या. काकांची करंगळी वाळायलाच तयार नव्हती. नऊवारीवर बुडू न देणारं नारिंगी जॅकेट चढवताना काकू म्हणाल्या, "ही काय पोळ्याची झूल हाये का?" खलाशी म्हणून माझी नेमणूक झाली. मला पोहता येत नाही, असं मी कळवून पाहिलं. "खलाशानं होडीतच राहायचं असतं. पोहायचा प्रश्न येतो कुठं?" काका म्हणाले.

या होडीचं पुढचं शीड एका तारेभोवती गुंडाळलेलं असतं. तारेच्या बुडाशी एक चकरी, चकरीवर दोरी. दोरी सैल सोडली की शीड उलगडतं, ओढली की गुंडाळतं. उलगडलं झकास. तलावाच्या मध्यावर वारा वाढला, होडी कलली, काकूंनी माझा दंड धरला. "बास. फिरवा आता." काकांनी दोरी ओढली. चकरी जाम! होडी थेट बांधाच्या दगडांकडे निघाली.

"जोरात ओढा ना!" मी ओरडलो.

"जोर लावला की तुटतंय, सर. आधी शिडातला वारा काढायचा." त्यांनी शीड ढिलं सोडलं. ते फडफडायला लागलं. नांगर पाण्यात टाकला, पण तो चिखलात घसरत होता.

"मला काठाला न्या," काकू ओरडल्या. "पुन्हा म्हणून यायची न्हाई मी!"

काकांचा चेहरा पडला. या वयात ते पोटावर सरपटत टोकाशी गेले. मी त्यांचे पाय धरून मागे. चकरीत, दोरीच्या वेढ्यांखाली, लाल नाडा पिळून बसला होता. त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. वर हळदकुंकू. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला, विळ्याला बांधतो तसला नाडा.

काकांचे हात थांबले. "खिशात चाकू आहे ना, कापा की!" मी म्हणालो.

"बिलकुल न्हाई."

दगड जवळ येत असताना त्या माणसानं नखांनी, मग दातांनी, तो नाडा अख्खा सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"काय व्हतं?" मागून काकूंनी विचारलं.

"गंज व्हता. माझीच चुकी. तेल द्यायचं राहून गेल्तं."

चकरीला दर पंधरवड्याला न चुकता तेल देणारा माणूस हे सांगत होता. मला भरून आलं. या दोघांच्या दाराशेजारी आपल्याला जागा मिळाली, हे केवढं भाग्य, असं अगदी मनापासून वाटलं.

 काकू म्हणाल्या, "गंज न्हाई. नाडा हाये. खंडेनवमीला म्याच गुपचूप येऊन बांधल्ता. घरातल्या समद्या हत्यारांची पूजा केली, मंग वाटलं, तुमचं हत्यार तर हेच ना. एवढी वर्षं ह्याच्यावरच घर चाललं आपलं."

 काकांनी डोळे पुसायला हात वर नेला, तर हाताला तेल. ते तसेच बसून राहिले.

शेवटी काकूच पुढे सरकल्या, पदर खोचला आणि विहिरीची बादली ओढावी तशी दोरी ओढायला लागल्या. शीड हळूहळू गुंडाळलं गेलं. होडी शांत झाली. आता नीट पाहिलं, तर दगड अजून बरेच लांब होते.

दोरी हातात तशीच धरून काकू म्हणाल्या, "आता शीड सोडायचं कसं, ते बी दाखवा."