चौपन्न टक्के घरी राहायला आले

जुईचे चौपन्न टक्के घरी राहायला आले त्या रात्री तिच्या आईचा, शलाकाचा, डोळ्याला डोळा लागला नाही. ते घोरत होते म्हणून नव्हे. ते अजिबात घोरत नव्हते. बाहेरच्या खोलीत गादीवर एका कुशीला गाढ झोपले होते, आणि काळजी तीच होती. इतक्या लवकर जे रुळतात ते पुढच्या वर्षीही हलायचे नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं.

चौथीचा निकाल लागला की गुण घरी येतात. त्याआधी मुलं लहान असतात, म्हणून शाळा ‘छान’, ‘खूप छान’ असं कळवून वेळ भागवते. चौथीपासून गुण स्वतः येतात, पुढचा निकाल लागेपर्यंत राहतात आणि नवे आले की पिशवी उचलून निघतात. दहावीच्या गुणांचं तेवढं वेगळं. ते गरज असेपर्यंत राहतात.

जुईचे चौपन्न टक्के अंगापिंडाने बेताचे होते. चौकड्यांचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दारातच त्यांनी विचारलं, “चपला आत ठेवू की बा...”

“बाहेर,” जुई म्हणाली. “आत ठेवल्या की आई ओरडते.”

त्यांचं सगळंच असं होतं. वाक्य निम्म्याच्या जरा पुढे जायचं आणि थांबायचं. भाकरीही ते निम्म्याहून थोडी जास्त खायचे. धुतलेले कपडे घड्या करायला घेतले, तर अर्ध्याहून थोडे अधिक घडी होऊन बाजूला पडत आणि ते स्वस्थ बसत. उरलेले जुई करायची. एरवी तिला हाका मारून मारून शलाकाचा घसा बसत असे. गोष्ट सांगतानाही राजकन्या विहिरीत पडली की चौपन्न टक्के गप्प व्हायचे. मग जुई तिला वर काढायची. एकदा दोराने काढली, एकदा मगरीने, आणि एकदा तर राजकन्येने वर यायलाच नकार दिला, कारण खाली मैत्रिणी मिळाल्या होत्या.

शलाकाचे स्वतःचे एक्क्याण्णव टक्के सोफ्यावर बसून हे ऐकत असत. ते तिच्या दहावीचे. उंच, इस्त्रीच्या शर्टातले, काखेत फाइल. एके काळी त्यांचा दरारा होता. कॉलेजच्या प्रवेशाला ते रांगेत सर्वांत पुढे उभे राहिले होते. तिला बघायला मंडळी आली तेव्हा पोह्यांची पहिली बशी त्यांना मिळाली होती. जुई झाल्यावर शलाकाने नोकरी सोडली आणि त्यानंतर त्यांना कुणी बोलावणं धाडलं नव्हतं. ते सोफ्यावर बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत आणि कुणी शेजारी टेकलं की आपले गेलेले नऊ टक्के कसे गेले ते सांगत. तीन भूगोलात, दोन नकाशाला रंग न दिल्यामुळे, बाकीचे अन्यायाने.

तिच्या नवऱ्याचे, निरंजनचे, एकसष्ट टक्के लग्नाच्या पहिल्याच वर्षी कधीतरी निघून गेले होते. कुणाच्या लक्षात यायलाच दिवाळी उजाडली. निरंजनचं शेतीपंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथे त्यांची विचारपूस कधीच झाली नव्हती.

“अगं, पोरगी चौथीत आहे,” निरंजन म्हणाला. “आणि माणूस काही वाईट नाही. परवा माझ्याबरोबर पंखा पुसायला चढला.”

“पूर्ण पुसला?”

“दोन पाती. पण चढला ना.”

“तुला काय, तुझे गेलेत तरी तुला पत्ता नाही. उद्या जुई जिथे जाईल तिथे हे तिच्यापुढे चालणार आहेत. लोक आधी यांना बघणार, मग तिला.”

गुणांवरून मूल ओळखू नये, हे शलाकाला माहीत होतं. हे वाक्य तिने मागच्या पालकसभेत स्वतः म्हटलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पाटणकर वहिनी पुढे होत्या, आणि रविवारी त्याच येणार होत्या.

कॉलनीत पद्धत होती. निकालानंतरच्या रविवारी शेजारणी एकमेकींकडे गुण बघायला जात. पेढे होत, पोहे होत, आणि आपापले गुण सोबत आणले जात. शलाका शनिवारी पोहे भिजवायचे की नाहीत यावर दिवसभर विचार करत राहिली. रविवारी सकाळी तिने चौपन्न टक्क्यांना कपडे धुण्याच्या बाल्कनीत जायला सांगितलं.

“जातो की. मला तिथे वारा बरा ला...” असं म्हणत ते गेले.

मग ती सोफ्यापाशी आली. “एवढ्यापुरते जुईचे व्हा,” ती एक्क्याण्णव टक्क्यांना म्हणाली. त्यांनी काही विचारलं नाही. उठले, कॉलर नीट केली, फाइल छातीशी धरली. कितीतरी वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली.

पाटणकर वहिनी आपल्या अद्वयचे चौऱ्याण्णव टक्के घेऊन आल्या. ते किडकिडीत होते आणि पोह्यांकडे बघतसुद्धा नव्हते.

“अगं बाई, एक्क्याण्णव!” वहिनी म्हणाल्या. “जुईने नाव काढलं हो. पण शलाका, जरा थोराड नाही वाटत?”

“आमच्या माहेरच्या अंगाने आलेत,” शलाका म्हणाली.

“असेल बाई. आमचे बघ, नुसते काळजीने वाळतात. रात्री उठून उरलेले सहा शोधतात. अद्वयला म्हटलं, बाळा, तू झोप, ते शोधतायत.”

बाल्कनीत बादलीवर मग पडल्याचा आवाज झाला.

“कोण गं आत?”

“पाहुणे आहेत. लांबचे.”

जुईने आईकडे पाहिलं. मग आपली पोह्यांची बशी उचलली आणि ती बाल्कनीत गेली. वहिनी जाईपर्यंत ती बाहेर आली नाही. गेल्यावर शलाकाने बाल्कनीत डोकावलं, तर दोघं उलट्या बादल्यांवर बसली होती आणि बशीत थोडे पोहे उरले होते.

“आई, काका लांबचे आहेत?” जुईने विचारलं.

शलाका म्हणाली, “उद्या आपण कार्यालयात जाऊ. फेरतपासणी करून घेऊ. चांगले गुण मिळतील तुला.”

“आणि हे?”

“ते परत जातील.”

एकदा ठरवलं की शलाका मागे हटत नसे. लहानपणी तिने भूमितीचं एक प्रमेय जेवण टाकून सोडवलं होतं, आणि त्या हट्टाचा तिला अजून अभिमान होता. रात्री तिने जुईकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, कारण नियमाप्रमाणे ते मुलानेच म्हणायचं असतं: “हे टक्के माझे नाहीत.” जुईला कविता पाठ होत नसत. हे एवढंसं वाक्य पाठ व्हायला हरकत नव्हती, पण ती दर वेळी ‘हे टक्के माझे’ एवढ्यावर थांबत राहिली. शलाकाला वाटलं, संगतीचा परिणाम.

गुण-निवास कार्यालयात सोमवारी गर्दी होती. आईवडील, मुलं आणि त्यांचे गुण बाकांवर दाटीने बसले होते. पस्तीस टक्क्यांचे एक गृहस्थ टेकायला जागा मागायचाही संकोच करत होते. शलाकाबरोबर जुई होती, चौपन्न टक्के होते आणि एक्क्याण्णव टक्केही होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण रिक्षात ते आधीच जाऊन बसले होते.

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तक्रार काय?”

“कमी आहेत.”

“ते दिसतंच आहे. वागणूक कशी?”

“चांगली आहे.”

“मुलीला त्रास? धाक, टोमणे?”

“नाही.”

“रात्री रडवतात?”

“नाही हो.” तक्रार करायला आलेल्या माणसाला इतकी कमी तक्रार असू नये, असं शलाकाला वाटलं. “राजकन्येला विहिरीत ठेवून देतात,” ती म्हणाली.

बाईंनी ते टिपून घेतलं नाही. “फेरतपासणीत जे येतील ते ठेवून घ्यावे लागतात. वाढतीलही, घटतीलही. हे मात्र पुन्हा मिळायचे नाहीत. कळलं?” मग त्यांनी पेनने मागे दाखवलं. “आणि हे कुणाचे?”

“माझे.”

“अजून घरी?”

“असतात आपले.”

“शेवटचं काम कधी लागलं?”

शलाका आठवू लागली. एक्क्याण्णव टक्के स्वतःच पुढे झाले. त्यांना प्रश्न आवडत. “काल,” ते म्हणाले. “पाटणकर वहिनींना दाखवण्यात आलं. मुलीचे म्हणून.”

बाई जराही रागावल्या नाहीत. “ते धरत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पुष्कळ पालक करतात. पण स्वतःचे गुण मुलाला घालता येत नाहीत. खांद्यात बसत नाहीत ते. त्याआधीचं सांगा.”

एक्क्याण्णव टक्क्यांनी फाइल उघडली. पुष्कळ वेळ पानं उलटली. मग त्यांनी शलाकाकडे पाहिलं. येत असलेलं उत्तर ऐन वेळी आठवू नये तसं. तिने तो चेहरा आरशात पाहिलेला होता.

“मुलीला पुढे घ्या,” बाई म्हणाल्या. “हं, बाळ. हे टक्के तुझे आहेत का?”

जुई खिडकीपाशी आली. तिच्या हातात चौपन्न टक्क्यांच्या शर्टाचं टोक होतं, आणि ते टोक तिने इतकं घट्ट धरलं होतं की चौकडी चुरगळली होती. चौपन्न टक्के खाली वाकले. “म्हण तू, बेटा,” ते म्हणाले. “आईने शिकवलंय ना. मला काही वाईट वा...”

वाक्य तिथे थांबलं. नेहमीप्रमाणे जुईने ते पुरं करायला हवं होतं. तिने केलं नाही. तिला ते पुरं करायचंच नव्हतं, आणि कार्यालयातली सगळी माणसं ते पुरं होण्याची वाट बघत राहिली.

“वाटणार,” शलाका म्हणाली. “वाईट वाटणार त्यांना. तिलाही.” मग घसा खाकरून, पालकसभेत लावायची त्याहून बरीच खालची पट्टी लावून ती म्हणाली, “आहेत. तिचेच आहेत. तक्रार मागे घेते.”

“विचार करून सांगा. वर्षभर पुढे पुढे चालतील.”

“चालू देत. मी मागे आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “तुमच्यांचं काय? मागच्या व्हरांड्यात सोय आहे. लोक निरोप द्यायला विसरतात, म्हणून ते घरोघरी अडकून पडतात.”

शलाकाने व्हरांड्यात पाहिलं. तिथे नव्वदीतले बरेच जण बसले होते, सगळे इस्त्रीचे, सगळ्यांच्या काखेत फायली. कुणी गेलेल्या पाच टक्क्यांबद्दल बोलत होता, कुणी आठांबद्दल, आणि ऐकणारे माना डोलवत होते. एक्क्याण्णव टक्क्यांनीही तिकडे पाहिलं.

“जाऊ?” त्यांनी विचारलं. त्यांनी तिला आजवर काही विचारलं नव्हतं.

“जा,” ती म्हणाली. “तुम्ही होतात म्हणून मला आत घेतलं सगळ्यांनी. पण आत गेल्यावरचं मीच केलं ना हो?”

त्यांनी हा प्रश्न फाइलमध्ये शोधला नाही. ते व्हरांड्यात गेले, रिकाम्या खुर्चीत बसले आणि पायावर पाय टाकून म्हणाले, “आमचे तीन भूगोलात गेले.” लगेच दोघातिघांनी खुर्च्या जवळ ओढल्या.

बाहेर पडताना शलाकाला एका बाजूने मोकळं आणि गार वाटत होतं, दाट केस कापून आल्यावर मानेला वाटतं तसं. चौपन्न टक्के पुढे चालत होते, त्यांचा हात धरून जुई, आणि मागे ती. दारापर्यंत पोहोचायला रांगेच्या कडेने जावं लागलं. रांगेतल्या एका बाईने आधी चौपन्न टक्क्यांकडे पाहिलं, मग जुईकडे, आणि गालात हसून विचारलं, “काय गं, किती हे?”

शलाकाच्या तोंडून सवयीने ‘लांबचे पाहुणे’ निघणार होतं. तिने ते गिळलं आणि ती जुईच्या मागे पाय रोवून उभी राहिली.

“चौपन्न. माझे आहेत,” जुई म्हणाली. “काकू, तुमचे हल्ली कुठे असतात?”