नानांच्या जनरेटरची घरघर

नानांनी मागच्या अंगणातल्या जनरेटरवरचा प्लास्टिकचा कागद ओढला, तेव्हा आतून एक सरडा बाहेर आला. त्याने नानांकडे जरा रागानेच पाहिलं आणि सावकाश भिंतीवर चढून गेला. यंत्राला कुणाचा हात लागून किती काळ लोटला होता, हे त्यावरून कळत होतं.

हात लावायचं कारणही तसंच होतं. नानांच्या बायकोची थोरली बहीण पाय मोडून पडली होती आणि बायको तिच्या मदतीला गेली होती. जाताना "चार दिवसांत येते" म्हणाली होती. ते चार दिवस रबरासारखे ताणले जात होते. ताईचा पाय आता बरा होता म्हणे, पण दोघी बहिणींच्या गप्पा काही संपत नव्हत्या. नाना रोज फोन करत. "कधी येतेस?" एवढंच विचारायचं असे, पण तोंडातून निघे, "साखरेचा डबा कुठे ठेवलायस?" डबा त्यांच्या समोरच असे.

परवा बायकोच म्हणाली, "येऊन तरी काय करू? वीज गेली की घामाघूम होत बसायचं. तो जनरेटर नुसता शोभेला ठेवलाय तुम्ही."

नानांनी त्यातलं 'येऊन' तेवढं ऐकलं. जनरेटर चालू झाला की बायको घरी, असा सरळ अर्थ लावून ते कामाला लागले.

व्होल्टेज तपासायचा मीटर शेजारच्या गुरुजींकडे होता. मीटरबरोबर गुरुजीही आले. नानांनी दोरी ओढली. जनरेटर खोकला, शिंकला आणि घरघरू लागला. गुरुजींनी मीटरच्या दोन्ही काड्या सॉकेटमध्ये घातल्या.

"शून्य," ते गंभीरपणे म्हणाले. "नाना, गेला हो तुमचा जनरेटर."

नानांचा चेहरा इतका पडला, की गुरुजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं त्या धडधडत्या यंत्रापुढे दुखवट्याला आल्यासारखे उभे राहिले. मग नानांनी वायरमनला फोन केला.

वायरमन तरणा होता आणि नुकतंच त्याचं लग्न ठरलं होतं. आल्याआल्या त्याने मीटरचं बटण फिरवलं. "अहो, हा बॅटरी मोजायला लावलाय. आता बघा. दोनशे ऐंशी!"

"म्हणजे उलट चांगलंच की. जास्तच देतोय," गुरुजी म्हणाले.

"घरातला एकेक बल्ब फटाफट उडेल, गुरुजी. दोनशे तीसच्या आसपास पाहिजे."

त्याने इंजिनाचा वेग कमी करून आकडा जागेवर आणला, यंत्र बंद केलं, मुख्य स्विच पाडला आणि दाराजवळचा बोर्ड उघडला. आतल्या वायरी कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. त्या बदलायला घेतल्या तोच त्याचा फोन वाजला. फोन त्याने मानेत धरला.

"जेवलीस का?... अगं, रडू नकोस ना... मी पण तुझाच विचार करत होतो... शपथ!"

नाना टॉर्च धरून उभे होते. एवढ्या वर्षांच्या संसारात यातलं एकही वाक्य आपल्या तोंडून गेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. टॉर्चचा उजेड हळूहळू बोर्डावरून छताकडे गेला. वायरमनलाही ते कळलं नाही.

काम संपता संपता, दिवेलागणीला, गल्लीतली वीज गेली. "लावून बघू," म्हणत वायरमन मागे गेला. जनरेटर घरघरला, दिवे लागले, पंखा फिरला आणि दाराची बेल वाजली.

नानांना वाटलं, बायकोच. न सांगता आली! त्यांनी केसांवरून हात फिरवला, सदरा खाली ओढला आणि धावत जाऊन दार उघडलं.

बाहेर कुणीच नव्हतं. बेल मात्र वाजतच होती.

समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. एव्हाना घरी गेलेले गुरुजी कुंपणापलीकडून ओरडले, "वहिनी आल्या का?"

"नाही हो," नाना दाराला टेकून म्हणाले, "वायर चुकली."

वायरमन ओशाळला. "बेलची वायर भलतीकडे जोडली गेली, नाना. ती तिकडे रडत होती, म्हणून..."

"अरे, मग आधी तिचं रडणं थांबव. बेल वाजू दे."

वायरमनने दोन्ही कामं केली आणि तो गेला. बोर्डाला लावून ठेवलेला गुरुजींचा मीटर दोनशे तीस दाखवत होता. नानांनी बायकोला फोन लावला.

"अगं, जनरेटर चालू झाला! दिवे, पंखे, सगळं!"

"अगंबाई! जीव भांड्यात पडला बघा. तुम्ही एकटे अंधारात चाचपडत असाल म्हणून मी उद्याचीच गाडी धरणार होते. आता काळजी नाही. ताई म्हणतेच आहे, राहा. राहते महिनाभर."

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"बंद पडला," नाना म्हणाले.

"काय?"

"जनरेटर. आत्ताच. सगळा अंधार झालाय."

"मग मागे घरघर कसली?"

"माझी. घसा बसलाय."

"घसा बसलेला माणूस एवढा ओरडतो? अहो, झालंय काय ते नीट सांगा."

नाना काहीतरी बोलले.

"ऐकू येत नाही! आधी ते यंत्र बंद करा, मग बोला."

नाना फोन घेऊन अंगणात गेले आणि त्यांनी जनरेटर बंद केला. दिवे गेले. सगळी गल्ली चिडीचूप झाली, पण नानांचा आवाज अजून जनरेटरच्याच पट्टीत होता.

"घर खायला उठतंय मला! तू ये!"

ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. कुठेतरी एक खिडकी उघडली. कुंपणापलीकडून गुरुजी म्हणाले, "या हो वहिनी, आम्हालाही हे आवरत नाहीत."

मग बायको हसू दाबत म्हणाली, "हळू बोला हो! ताईनेही ऐकलं. काठीबिठी न घेता तडक उठली ती, माझी बॅग भरायला."