गुरुवारची तिहाई

कॅनडातल्या कनाटा या उपनगरातल्या कंपनीत टीम लीडची जागा रिकामी झाली आणि जयदीपला एकदम आयरिश संगीताची गोडी लागली. कारण सरळ होतं. त्यांचा मॅनेजर ब्रेंडन दर गुरुवारी सहा वाजता जवळच्या पबमध्ये सात-आठ मित्रांबरोबर व्हायोलिन वाजवायला बसे, आणि ती जागा कुणाला द्यायची हे ब्रेंडनच्या हातात होतं. दुसरी उमेदवार कृतिका. सहा वर्षं अर्धं प्रॉडक्ट तीच सांभाळत होती, पण तिला काही वाजवता येत नव्हतं, त्यामुळे जयदीप निर्धास्त होता.

"अगं, तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात मी," तो बायकोला, शुभदाला म्हणाला. "या लोकांचं रिदम बेसिक असतं. तीन गुरुवार, की प्रमोशन डन."

दुसऱ्या परीक्षेत तू नापास झाला होतास ना, असं शुभदाने विचारलं. त्यावर परीक्षक कसे पक्षपाती होते हे त्याने अर्धा तास सांगितलं आणि ऑनलाइन एक बाउरान मागवलं. बाउरान म्हणजे आपल्या डफाचं थोरलं भावंड, फक्त ते छोट्या लाकडी दांडीने वाजवतात.

पबमधली रीत साधी होती. गोल करून बसायचं, एक धून तीनदा वाजवायची आणि न थांबता पुढच्या धुनेत शिरायचं. बाउरान एका वेळी एकानेच वाजवायचं, तेही हळू, इतरांच्या मागून. ब्रेंडनने पहिल्याच दिवशी हे समजावलं. जयदीपने मान डोलावली, म्हणजे काहीही ऐकलं नाही. बाउरान वाजवणाऱ्या आजींनी सौजन्याने त्याला जागा दिली. त्याला वाटलं, त्यांनी हार मानली.

बैठक म्हटली की दाद हवीच. एका संथ धुनेत तो "क्या बात है" असं इतक्या जोरात म्हणाला की याला काही लागलं, असं वाटून बासरीवाला वाजवायचा थांबला. धून तिसऱ्यांदा संपत आली की जयदीप तिहाई घेई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येई. समेवर सगळे थांबतील आणि आपल्याकडे बघतील, अशी त्याची खात्री. ते कसले थांबतात? ते पुढच्या धुनेत निघून गेलेले असत आणि हा समेवर एकटाच. मग त्यांना गाठायला तो लय वाढवी, आणि ती बिचारी साठी-सत्तरीतली माणसं धापा टाकत त्याच्यामागे धावत.

तोंडावर नको म्हणणं ब्रेंडनला जमणारं नव्हतं. तो फक्त "इंटरेस्टिंग" म्हणे. जयदीपने ते कौतुक समजून घरी तीनदा सांगितलं. दुसऱ्या गुरुवारी कुणाचं मनगट दुखू लागलं, कुणाचा नातू आजारी पडला. तिसऱ्या गुरुवारी ब्रेंडन आणि बासरीवाला असे दोघेच उरले. एकोणीस वर्षांची बैठक मोडायला आली.

"आता जरा मोकळेपणाने वाजवता येतं," जयदीप शुभदाला म्हणाला.

सोमवारी ब्रेंडनने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि टीम लीड केल्याचं सांगितलं. तुझ्यात लीडरशिप आहे, तू कुणाचंही ऐकत नाहीस, असं तो म्हणाला. अट एकच. व्हँकुव्हरच्या टीमबरोबरचा कॉल जयदीपनेच घ्यायचा, दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ. आजवर तो कॉल मंगळवारी सकाळी वीस मिनिटांत उरकत असे. जयदीपला त्यात आपली वाढलेली किंमत दिसली. त्याने ऑफिसभर काजूकतली वाटली आणि हे पद आपण वाजवून मिळवलं, असं प्रत्येकाला ऐकवलं.

कृतिकाने काजूकतली खाल्ली. ऑफिसच्या कॅलेंडरवर गुरुवारी सहाला पडलेला नवा कॉल दोन मिनिटं नीट पाहिला. मग ती ब्रेंडनच्या केबिनमध्ये गेली आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "मलाही बाउरान शिकायचंय. या गुरुवारपासूनच येते."

ब्रेंडनचा चेहरा पडला. त्याने उठून केबिनचं दार लावलं आणि तिला नेमकी कुठली पोस्ट हवी आहे ते विचारलं.