उडत्या फळीची कडी

साहसी खेळात सुरक्षितता सर्वप्रथम येते. अर्थात दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण आटोपल्यावर.

नाशिकजवळच्या धरणात सुरू झालेला ‘उडती फळी’ हा प्रयोग याला अपवाद नव्हता. मोटारबोटीला दोर, दोराला फळी, फळीवर पट्ट्यांनी बांधलेला माणूस. बोट सुसाट सुटली की फळी माणसासकट झाडाच्या उंचीवर. (आजवर शंभर टक्के फळ्या खाली आल्या आहेत.) धोका वाटलाच तर फळीवरच्याने लाल मूठ ओढायची. कडी उघडते, दोर सुटतो आणि माणूस अलगद पाण्यात उतरतो, असं फळी बनवणाऱ्याचं म्हणणं होतं.

सुरक्षा समितीचं अध्यक्षपद निवृत्त हेडक्लार्क चिंतामणरावांकडे आलं, कारण त्यांच्याकडे शिट्टी होती. पहिल्या उड्डाणाला त्यांचीच मुलगी अपूर्वा उभी राहिली. बाप आतून पार धास्तावला होता, पण अध्यक्षाला तसं दाखवून कसं चालेल?

“अहो, एवढी माणसं बघणार पोरीकडे. दृष्ट लागेल. हे बांधा आधी,” असं म्हणत त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, लिंबू-मिरची पुढे केली.

ती बांधायला फळीवर एकच सोयीची जागा होती: कडी. चिंतामणरावांनी तारेचे वेढे मारले, वाऱ्याने पडू नये म्हणून पक्कडीने चांगला पीळ दिला आणि नमस्कार केला. हेल्मेटही होतं. ते नवं कोरं असल्याने शाल-श्रीफळासोबत पाहुण्यांना देण्यात आलं.

बोट सुटली, फळी वर गेली, टाळ्या पडल्या. वळणावर फळी कलंडली. अपूर्वाने मूठ ओढली. पुन्हा ओढली.

“बाबाऽ, सुटत नाहीये!”

 चिंतामणरावांच्या तोंडात शिट्टी होती, पण फुंकायला श्वास कुठून आणणार? बोटीत मागे लक्ष ठेवायला मयूर होता. तो लक्ष ठेवूनच होता, मोबाइलमधून. फळी तोंडावर आपटली आणि पोरगी पाण्यातून फरफटत गेली. “अगं माझ्या बाळा!” करत बाप बुटांसकट धरणात शिरला.

अपूर्वा वाचली. तिचा जबडा तारेने बांधलाय. ही तार डॉक्टरांनी बांधली, तेवढंच बरं. तिला बोलता येत नसल्याने समितीच्या बैठकीत कडीचा विषय निघाला नाही. दृष्टच फार कडक होती, पुढच्या वेळी दोन लिंबं बांधावीत, असं एकमताने ठरलं. चिंतामणरावांनी खाली मान घालून अनुमोदन दिलं.

हसू येत असेल तर खुशाल हसा. मग जरा आपल्या गाडीत जाऊन बसा. पुढची लिंबू-मिरची ताजी आहे ना? छान. आणि सीटबेल्ट? तो पाठीमागून लावून ठेवला असेल. नाहीतर गाडी उगाच टिंग-टिंग करत बसते.